दिवसाआडचे उपास

चंद्रपुरात सुप्रभाबाई वैरागड्यांना ओळखणारा कुणीही माणूस त्यांच्याबद्दल एकच गोष्ट आधी सांगेल: बाईंचा कुणाला त्रास नाही. जन्मभर त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. एकदा उजवं मनगट मोडलं, तर डाव्या हातानं फळ्यावर लिहीत राहिल्या. मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा आधी भात उतरवला, नवऱ्याचं ताट वाढून झाकून ठेवलं, आणि शेजारणीला न उठवता सायकलरिक्षा करून एकट्याच दवाखान्यात गेल्या. नवरा वारला त्या दिवशी भेटायला आलेल्यांना चहा कोण करणार, याचीच त्यांना काळजी. अशी माणसं जगाला फार आवडतात. त्यांच्याबरोबर एका घरात राहिल्यावर काय होतं, ते त्यांच्या मुलीला विचारावं.

मुलगी रश्मी, एकुलती एक. तिचं काम डासांचं. थेम्स नदी समुद्राला मिळते तिथे केंटच्या उत्तर किनाऱ्याला मैलोन्‌मैल खाजण पसरलेलं आहे. गवत, चर, मचूळ पाणी आणि वारा. त्या खाजणाच्या काठावरच्या एका गावात, दहा-बारा घरांच्या गल्लीत ती भाड्यानं राहायची आणि एका संशोधन संस्थेसाठी त्या चरांमधल्या अळ्या आणि गोठ्यांमधले डास गोळा करायची. गोठ्याच्या आढ्याकडे मान वर करून, तोंडात रबरी नळी धरून, एकेक डास हलकेच ओढून कुपीत घ्यायचा. नळीला जाळी असते, डास पोटात जात नाही. पण हे आईला पटवता पटवता रश्मीच्या नाकी नऊ आले होते.

"इंग्लंडात कुठला आला मलेरिया?" असं नातेवाईक विचारायचे. रश्मीकडे उत्तर तयार असायचं. मलेरिया पसरवणारा डास इथे हजारो वर्षांपासून आहे. अर्धवट खारट पाण्यात तो वाढतो, हिवाळ्यात गोठ्याच्या उबेला पेंगत बसतो, अधूनमधून जागा होऊन घोटभर रक्त पितो आणि परत पेंगतो. एके काळी या खाजणातली माणसं हिवतापानं पटापट मरायची. पहिल्या महायुद्धातून सैनिक ताप घेऊन परतले, तेव्हा कधी गाव न सोडलेल्या माणसांनाही इथे घरबसल्या हिवताप झाला. आता डास आहे, पण अंगात मलेरिया असलेला माणूस नाही, आणि डासाला माणसापेक्षा गाय जास्त आवडते. "चूल आहे, सरपण आहे, विस्तव तेवढा नाही," असं ती आईला फोनवर सांगायची. गावच्या सभागृहात दर वसंतात ती हेच इंग्रजीत सांगायची आणि लोक चहा-बिस्किटं खाऊन निश्चिंत मनानं घरी जायचे.

एप्रिलात सुप्रभाबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर मुलीकडे आल्या. बॅगेत तिखट, गोडा मसाला, गोधडी आणि गोळ्यांचा डबा. हा डबा म्हणजे आपल्या लोकांचं फिरतं इस्पितळ. तापाच्या, पित्ताच्या, जुलाबाच्या, सर्दीच्या गोळ्या, अर्ध्या वापरलेल्या पाकिटांसकट. परदेशात डॉक्टर लवकर भेटत नाही हे प्रत्येक मराठी घराला पाठ असतं, त्यामुळे विमानात बसणारा प्रत्येक जण आपापल्या मगदुराप्रमाणे डॉक्टर होऊनच बसतो. आदल्या पावसाळ्यानंतर बाईंना चंद्रपुरात हिवताप झाला होता. त्याच्या चार गोळ्या उरल्या होत्या, त्याही डब्यात होत्या. हिवताप झाला होता हे मात्र मुलीला कळवलं नव्हतं. कशाला? ती तिकडे, आपण इकडे, उगाच जिवाला घोर.

शेजारच्या घरात मॉरीन राहायची. सत्तरीची, विधवा, कधीकाळी शाळेत मुलांना दुपारचं जेवण वाढण्याच्या नोकरीला होती. दोघींचं कुंपणावरून जमलं. मॉरीननं घेवड्याच्या शेंगा दिल्या, बाईंनी त्यांची भाजी करून वाटी परत पाठवली. बाई चौथीपर्यंत इंग्रजी शिकवायच्या, त्यामुळे समजायचं सगळं, बोलताना मात्र जीभ अडायची. पण मॉरीनच दोघींच्या वाटचं बोलायची. गुडघे दुखतात, मुलगा स्कॉटलंडला असतो, त्याला कशाला बोलवायचं, आपलं आपण बघतो. "नो फस," म्हणजे उगाच गडबड नको, हे तिचं पालुपद. बाईंना ही बाई फार आवडली. "अगदी आपल्यातली वाटते गं," त्या रश्मीला म्हणाल्या.

जूनमध्ये गल्लीमागचा म्हातारा शेतकरी कामातून निवृत्त झाला आणि त्यानं गायी विकल्या. दोन मोठे ट्रक आले, दिवसभर हंबरणं ऐकू आलं, संध्याकाळी गोठा रिकामा. गावाला वाईट वाटलं. रश्मीला वाईट वाटलंच, शिवाय तिच्या कामाच्या दृष्टीनं कुतूहलही वाटलं. इतकी वर्षं गायींवर जगणारे डास आता कुठे जाणार?

ते घरात आले. आईच्या खोलीच्या छतावर, कोपऱ्यात, पोट वर उचलून बसलेले, रक्तानं टम्म फुगलेले. त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि बाईंना खिडकी उघडी लागायची. पंखा लाव म्हटलं तर वीज जळते. रश्मी रोज सकाळी नळी घेऊन खोलीत यायची आणि आई पलंगावर बसून हसायची. "ने बाई माझं रक्त. जन्म देताना दिलं तेवढं पुरलं नाही." डासांच्या पोटातलं रक्त कुणाचं ते तपासायला रश्मीनं नमुने पाठवले. उत्तर आलं, माणसाचं. तिनं ते आनंदानं आईला सांगितलं, कारण तिचा अंदाज खरा ठरला होता. गायी गेल्या की हा डास माणसाकडे वळतो. हे सांगताना तिच्या समोर पलंगावर बसलेली आई सुकलेली होती, डोळे खोल गेलेले होते. डासाचं पोट भिंगाखाली धरून तीन तास बघणाऱ्या पोरीनं आईच्या चेहऱ्याकडे तीन क्षण पाहिलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग श्रावण लागला आणि आईचे उपास सुरू झाले.

श्रावण हा उपासांचाच महिना, त्यामुळे कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. सोमवारी उपास. बुधवारी म्हणे कसलंसं व्रत. शुक्रवारी जिवतीचा. "आज फक्त पाणी घेणार गं, अन् जरा पडून राहते. तू आपली कामाला जा." रश्मीला या गोष्टींत गती नव्हती. चतुर्थी कुठली आणि एकादशी कुठली, हे तिला लंडनच्या वेम्बली भागात राहणाऱ्या मनीषामावशीचा मेसेज आल्यावरच कळायचं. आईचं वय झालंय, बाबा गेल्यापासून देवाकडे ओढा वाढलाय, असा तिनं समजूतदार निष्कर्ष काढला. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा आई आंघोळ करून, केस विंचरून, वरणभाताचा कुकर लावून बसलेली असायची. मागच्या दोरीवर धुतलेली चादर वाळत असायची. "रोज काय धुतेस गं?" एकदा रश्मीनं विचारलं. "इथलं ऊन वाया जाते नं," आई म्हणाली.

एका मंगळवारी रश्मी खाजणात, गुडघाभर चरात उभी राहून पळीनं अळ्या काढत होती. मनीषामावशीचा फोन आला. वेम्बलीच्या मंदिरात कुठलासा कार्यक्रम होता, त्याचं आमंत्रण द्यायचं होतं.

"आई फोन उचलत नाहीये गं. कुठे गेलीय?"

"घरीच आहे. झोपली असेल. एकादशी आहे ना आज तिची."

"आज? अगं वेडे, एकादशी शनिवारीच झाली. सुप्रभाताईचं पंचांग चुकायचं नाही कधी. तिला मीच विचारते तिथ्या."

फोन ठेवला आणि रश्मी पळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. शनिवारी आई जेवली होती. चक्क मटार उसळ जेवली होती. मग रविवारी म्हणाली, सूर्यनारायणाचा उपास. त्याआधी शुक्रवार. त्याआधी बुधवार. त्याआधी सोमवार. दिवसाआड. जगात दिवसाआड येणारं व्रत नाही. दिवसाआड येतो तो ताप, आणि तो कुठला ताप हे सांगायला तिच्याइतकं शिकलेलं माणूस त्या गावात दुसरं नव्हतं. तिनं गोळा केलेल्या अळ्या परत चरात ओतल्या आणि चिखलाच्या बुटांनीच गाडीत बसली.

घरात सगळीकडे ऊन भरलं होतं. आईच्या खोलीत मात्र पडदे ओढलेले. पलंगावर गोधडी, तिच्यावर ड्युव्हे, म्हणजे इथली जाड रजई, त्यावर रश्मीचा हिवाळी कोट, आणि या सगळ्याच्या खाली आई थडथड उडत होती. दातांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. रश्मीला बघून ती उठून बसायला लागली.

"आज लवकर आली तू? काही नाही, जरा थंडी वाजून राहिली. उपासानं होते असं."

"आई, सीरियसली?" रश्मी ओरडली. "कधीपासून आहे हे? खरं सांग."

"ओरडू नको. मॉरीनला ऐकू जाईल."

हॉस्पिटलात रक्त काढलं, काचेवर थेंब पसरला आणि निदान झालं. मलेरिया, तोच दिवसाआड येणारा. त्याचे जंतू यकृतात महिनोन्‌महिने झोपून राहतात आणि मनात येईल तेव्हा जागे होतात. डॉक्टर तरुण होती, घाईत नव्हती. ताप पहिल्यांदा कधी आला, असं तिनं विचारलं. रश्मी दुभाषी म्हणून मधे उभी होती.

"सांग तिला, आजच आला," आई म्हणाली.

"आई, प्लीज."

"ऐक माझं." बाईंनी तिचा हात घट्ट धरला. आवाज अगदी हळू होता. "तू डासांची डॉक्टर. तुझ्या घरात तुझी आई मलेरियानं पडली अन् तुला पत्ता नाही, असं लोकांनी म्हणावं? नोकरी आहे तुझी, व्हिसा आहे. आजच आला म्हण. कोणाला काय कळते?"

रश्मीला तेव्हा समजलं की इतके दिवस आई स्वतःचा आजार लपवत नव्हती, ती मुलीची अब्रू झाकत होती. एकदा ताप आला. डब्यातल्या गोळ्यांनी उतरला. परत आला तेव्हा गोळ्या संपल्या होत्या, आणि सांगावं तर इतके दिवस का नाही सांगितलं हा प्रश्न उभा. मग ती उपासांच्या आड जाऊन बसली. हे सगळं लक्षात येऊन रश्मीला आईची दया यायला हवी होती. तिला राग आला, इतका राग की कान तापले. त्या खोलीच्या छतावरचे फुगलेले डास तिला दिसत होते. जे तिनं नळीनं ओढले ते तपासणीसाठी कधीच चिरडले गेले होते. जे तिच्या नळीला सापडले नाहीत ते खिडकीतून बाहेर गेले होते. कुठे, ते तिला माहीत होतं. हा डास लांब जात नाही. शेजारच्या घरात जातो.

ती डॉक्टरकडे वळली आणि इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. मागच्या वर्षी भारतात झाला होता. इथे निदान दोन महिने आहे. अर्धवट गोळ्या घेतल्यात. मी याच विषयावर काम करते, मी तिच्याबरोबर राहते, आणि माझ्या लक्षात आलं नाही.

आईला सगळं समजलं. तिनं धरलेला हात सोडला.

औषध सुरू झालं. रक्तातले जंतू मारायला एक, यकृतात झोपलेल्यांना दुसरं. ते दुसरं सोसेल का, यासाठी आणखी एक तपासणी. चौथ्या दिवशी ताप पूर्ण थांबला. घरी आल्यावर बाई मुलीशी बोलेनाशा झाल्या. भाजी चिरायच्या, पोळ्या करायच्या, ताट वाढायच्या आणि खोलीत जाऊन बसायच्या. फक्त एकदा म्हणाल्या, "चारचौघांत उघडं पाडलंस मला."

"तू मला मूर्ख बनवलंस त्याचं काय?" रश्मी म्हणाली.

बाहेर मात्र गोष्ट थांबायची नव्हती. मलेरियाची नोंद सरकारी आरोग्य खात्याकडे जातेच. संस्थेतले दोन सहकारी आले, घराघरांत सापळे लावून गेले. गल्लीत प्रत्येक दारात पत्रक पडलं: एका रहिवाशाला परदेशातून आलेला मलेरिया आढळला आहे, धोका अत्यंत कमी आहे, ताप आल्यास डॉक्टरांना सांगा. नाव नव्हतं. पण जिथे एकच भारतीय घर आहे तिथे नाव लिहायची गरज तरी काय? गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईनं लिहिलं, आमच्या घरात लहान मुलं आहेत, पाहुण्यांनी येताना काय आणावं याचा विचार करायला हवा. कुणी त्याला दुजोरा दिला नाही, कुणी विरोधही केला नाही. रश्मीचा फोन स्वयंपाकघरात पडलेला असायचा. आईनं ते वाचलं. त्या दिवसापासून तिनं अंगणात जाणं बंद केलं, खिडक्या लावून घेतल्या, आणि मनीषाला फोन करून परतीचं तिकीट लवकरचं मिळेल का, असं विचारलं.

रश्मीची झोप उडाली. तिचं सगळं ज्ञान आता तिच्या मानेवर बसलं होतं. डासानं आईचं रक्त प्यायलं, तरी तो लगेच रोग देत नाही. जंतू त्याच्या अंगात पिकायला दोन-तीन आठवडे लागतात, तेही हवा उबदार असेल तर. गारठा पडला की जंतू पिकायच्या आत डासच मरतो. इंग्लंडला वाचवलं ते या गारठ्यानं आणि गायींनी. गायी गेल्या होत्या आणि गारठा पडत नव्हता. ती सकाळी उठून आधी तापमान बघायची. ऑगस्टमध्ये थंडी पडू दे म्हणून देवाला साकडं घालणारं त्या देशात दुसरं कुणी नसेल.

मॉरीनला तिनं स्वतः जाऊन सांगितलं होतं, नावासकट. मॉरीननं डोळे मोठे केले, मग तिच्या दंडावर थोपटलं आणि आईला सूप पाठवलं. रश्मी रोज कामावर जाताना तिच्या दारात थांबायची. ताप? कणकण? थंडी? "मी ठणठणीत आहे गं पोरी," असं मॉरीन दर वेळी म्हणायची. मग थोडी खोकायची आणि म्हणायची, हा खोकला धुळीचा. रश्मी निर्धास्त होऊन गाडीत बसायची. एकदा ठेच लागून माणूस शहाणा होतो असं आपण म्हणतो. दुसरी ठेच लागली की काय म्हणायचं ते अजून कुणी ठरवलेलं नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी रश्मी स्वयंपाकघरात चहा घेत होती. आई ओट्याशी उभी होती, लावलेल्या खिडकीच्या काचेतून शेजारच्या अंगणाकडे बघत. बऱ्याच दिवसांनी ती आपणहून बोलली.

"तिनं आज परत चादर धुतली."

"कुणी?"

"मॉरीननं. काल पण होती दोरीवर. परवा पण. उश्यांचे अभ्रे सुद्धा."

"मग धुऊ दे की. ऊन आहे."

आई वळली. तिच्या चेहऱ्यावर असं काही होतं की रश्मीनं कप खाली ठेवला.

"मी पण ऊनच सांगितलं होतं तुले," आई म्हणाली. "घामानं चिंब होते चादर, ताप उतरतो तेव्हा. तशीच ठेवली तर वास येते, घरच्यांना कळते. म्हणून धुवावी लागते."

"पण मी रोज विचारते तिला. ती नाही म्हणते."

"मी काय म्हणत होती?"

चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. रश्मी उठायच्या आत आई मागच्या दारातून बाहेर पडली होती. अंगात गाऊन, पायात घरातल्या सपाता. या बाईनं उभ्या जन्मात गाऊनवर दुधाची पिशवी घ्यायलासुद्धा फाटकाशी पाऊल टाकलं नव्हतं. तिनं मॉरीनचं दार ठोठावलं, उघडलं नाही तेव्हा परत ठोठावलं, आणि मग सरळ मागच्या बाजूनं आत गेली. रश्मी तिच्या पाठोपाठ.

मॉरीन आरामखुर्चीत होती. त्या उन्हात अंगावर दोन ब्लँकेटं, ओठ निळसर, श्वास वरच्यावर. दोघींना बघून तिनं हसायचा प्रयत्न केला. जरा सर्दी झालीय. उद्यापर्यंत बरं वाटेल. कुणाला फोन करू नका, शनिवार आहे, लोकांना सुट्टी असते.

"नो," सुप्रभाबाई म्हणाल्या.

रश्मीनं आईचा हा आवाज ऐकला नव्हता. चौथीच्या वर्गानं कधीतरी ऐकला असेल.

"नो उद्या. नो फस-बिस. यू आर हायडिंग. आय नो. आय ऑल्सो हायडिंग, टू मंथ्स." त्यांनी मॉरीनचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातानं रश्मीला खूण केली. "लाव फोन."

रश्मीनं नऊशे नव्याण्णव लावला. अँब्युलन्स आली तेव्हा गल्लीतली दारं उघडली. लोक उंबऱ्यात येऊन उभे राहिले. कोपऱ्यावरच्या घरातली ती बाईसुद्धा मुलाला कडेवर घेऊन बाहेर आली. अँब्युलन्सबरोबर आलेल्या हिरव्या गणवेशातल्या तरुणानं काय झालं असं विचारलं, आणि रश्मी काही बोलायच्या आत आई रस्त्याच्या मधोमध, गाऊनमध्ये, केस सुटलेले, मोठ्यानं बोलायला लागली.

"मलेरिया टेस्ट. फर्स्ट. आय हॅड मलेरिया. मी, मी. माय रूम, माय मॉस्किटो, हर हाउस. यू टेल डॉक्टर. राइट इट."

गल्ली ऐकत होती. पत्रकात नसलेलं नाव बाईंनी स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगितलं होतं. रश्मीला त्या क्षणी आईला पदराखाली घ्यावंसं वाटलं, पण आईच्या अंगावर पदर नव्हता आणि तिला त्याची गरजही दिसत नव्हती. कोपऱ्यावरची बाई मुलाला घेऊन आत गेली. अँब्युलन्सचं दार लागेपर्यंत सुप्रभाबाई मॉरीनच्या स्ट्रेचरला धरून चालत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घरात कुणी नीट जेवलं नाही. आई देवाच्या तसबिरीसमोर बसली होती. तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते आणि अंगठे सारखे फिरत होते. रश्मी समोर बसून ते अंगठे बघत होती. मॉरीनला काही झालं तर ही बाई त्यातून उठणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. उपचार होतील, ताप परत येणार नाही, तब्येत सुधारेल, आणि तरी ही उठणार नाही.

फोन मॉरीनच्या मुलाचा होता. तो रातोरात स्कॉटलंडहून आला होता. रश्मीनं ऐकून घेतलं, दोनदा परत विचारलं, आणि फोन ठेवला.

"मलेरिया नाही," ती म्हणाली. "लागोपाठ रक्त तपासलं त्यांनी. अजून एकदा बघणार आहेत, पण नाहीये. न्यूमोनिया आहे. दोन्ही बाजूंना. ऑक्सिजन लावलाय, औषध लागू पडलंय. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत घरी राहिली असती तर हाती लागली नसती."

आईचे अंगठे थांबले.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं?"

"तुझ्यामुळे नव्हतं आई. वाचली मात्र तुझ्यामुळे."

सुप्रभाबाईंचा चेहरा हळूहळू मोडला. नवरा गेला तेव्हा न रडलेली बाई तिथे भुईवर बसून लहान पोरासारखी हुंदके देऊन रडली. रश्मी तिच्याजवळ सरकली आणि तिनं आईचं डोकं छातीशी धरलं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. बऱ्याच वेळानं आईनं गाऊनच्या बाहीला नाक पुसलं आणि काळजीनं वर बघितलं.

"म्हणजे मी उगाचच रस्त्यात उभी राहून आरडाओरडा केला. सगळ्या गल्लीला किती त्रास दिला गं मी."

"हो, दिलास," रश्मी म्हणाली. "आणि आता असाच देत जा."